अंडी खाणारी कोंबडी : सुरी काढण्यापूर्वी हे पाहा

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपल्याकडे म्हणतात. परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या घरावर कधी कधी नेमकी हीच पाळी येते. कोंबडी ओरडून अंडे घातल्याची वर्दी देते, बाई हातातले काम टाकून खुराड्याकडे धावते आणि पाहते तो पेंढा ओला, टरफलाचे दोन तुकडे आणि कोंबडीच्या चोचीला पिवळा बलक! पहिल्या दिवशी माणूस हळहळतो आणि सोडून देतो. आठवडाभर हेच चालले की घरात एकच निकाल लागतो, ही अवलक्षणी आहे, रविवारी कापा. कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते शेजारणीने काहीतरी केले. रविवारी कोंबडी कापली जाते आणि सोमवारी दुसरी कोंबडी अंडे फोडते.

सोमवारच्या त्या दुसऱ्या कोंबडीसाठी हा लेख आहे. आमचे म्हणणे असे की, अंडी खाणारी कोंबडी जन्मतः चोरटी नसते. तिच्या खाण्यापिण्यात काहीतरी कमी पडते, किंवा तिच्या पायाखाली अंडे फुटते, आणि फुटलेल्या अंड्याची चव एकदा तिला कळते. चव कळली की ती आपण होऊन चोच मारू लागते, आणि तिचे पाहून बाकीच्या शिकतात. म्हणजे दोष कोंबडीपेक्षा खुराड्याचा अधिक आहे. खुराडे तसेच ठेवून कोंबड्या बदलत बसलो तर त्याला अंत नाही.

नुकसान किती होते हे एकदा कागदावर मांडून पाहावे. सहा सुधारित जातीच्या कोंबड्या आहेत आणि प्रत्येकी वर्षाला १५० अंडी धरली तर एकूण ९०० अंडी होतात. त्यातले रोज फक्त एक अंडे खुराड्यातच खाल्ले गेले तरी वर्षाला ३६५ अंडी गेली. म्हणजे दर पाच अंड्यांतली दोन! अंड्याला १० रुपये धरले तर ३,६५० रुपये. अंड्याचा पैसा हा बहुतेक घरांत बाईच्या हातातला एकमेव पैसा असतो. मुलांच्या वह्या, भिशीचा हप्ता, माहेरी जायचे एस.टी.चे भाडे त्यातूनच निघते. तेव्हा हे नुकसान लहान म्हणून सोडून देता येत नाही. आणि विकायचे नसले तरी ते अंडे घरातल्या लेकराच्या ताटातले असते.

आधी चोर ओळखा

अंडे गेले म्हणजे कोंबडीनेच खाल्ले असे नाही. घूस आणि उंदीर अंडे ओढून नेतात, त्याचे टरफल दूर कोपऱ्यात किंवा बिळाच्या तोंडाशी सापडते. साप अंडे सबंध गिळतो, त्यामुळे मागे काहीच राहत नाही. मुंगूस आणि कावळा हेही पटाईत चोर. दोन पायांचा चोरही असू शकतो, पण त्याचा बंदोबस्त ज्याने त्याने करावा! कोंबडीने खाल्ले असेल तर खूण तिथल्या तिथे असते. पेंढा किंवा तूस ओले चिकट झालेले, टरफलाचे बारके तुकडे तिथेच पडलेले, आणि खाणारीच्या चोचीला व गालाच्या पिसांना बलक वाळून चिकटलेला. हा वाळलेला बलक चांगला पुरावा आहे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात आल्या की बत्तीच्या उजेडात एकेकीची चोच पाहावी. बहुधा एक किंवा दोन गुन्हेगार सापडतात. त्यांच्या पायाला रंगीत चिंधीची सैल गाठ मारून ठेवावी.

एवढे पाहिल्याशिवाय कोणत्याही कोंबडीवर आळ घेऊ नये. उंदराच्या अपराधासाठी कापली गेलेली कोंबडी आमच्या पाहण्यात आहे.

टरफल पातळ का पडते

आता मुळाशी जाऊ. पहिले अंडे बहुधा कोंबडी मुद्दाम फोडत नाही, ते आपोआप फुटते. टरफल पातळ असते म्हणून फुटते, किंवा जागा वाईट असते म्हणून फुटते. त्यातले टरफलाचे कारण आधी घेऊ, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

आपल्या आजीच्या काळात गावरान कोंबडी दिवसभर मोकळी फिरायची. उकिरडा उकरायची, किडे, गोगलगायी, वाळवी टिपायची, भिंतीचा पडलेला चुना चोचीने टोकरायची. वर्षाला साठ-सत्तर अंडी घालायची, मध्येच खुडूक होऊन बसायची, म्हणजे तिच्या शरीराला विसावा मिळायचा. आज अनेक घरांत बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८९ साली काढलेली गिरिराजा, किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराजा, ग्रामप्रिया अशा जाती आल्या आहेत. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागामार्फत २५ तलंगा आणि ३ कोंबडे असे गट अनुदानावर वाटण्याची योजनाही राज्यात राबवली गेली. या कोंबड्या गावरानपेक्षा दुप्पट आणि त्याहूनही अधिक अंडी देतात. पण जागेच्या अडचणीने, कुत्र्यांच्या भीतीने आणि शेजाऱ्यांशी भांडण नको म्हणून आपण त्यांना दिवसभर जाळीत कोंडतो. खायला मात्र आजीच्या कोंबडीचेच, म्हणजे मूठभर ज्वारी, तांदळाची कणी आणि उरलेली भाकरी. काम दुप्पट आणि शिधा जुनाच! गिरणीत किंवा बांधकामावर काम केलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये.

आकडे असे आहेत. अंड्याचे टरफल जवळजवळ सगळे चुनखडीचे असते. एका मध्यम अंड्याच्या टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, लहान गावरान अंड्यात थोडे कमी. पोटात गेलेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच अंगी लागते, म्हणजे अंडे घालण्याच्या दिवशी कोंबडीला ४ ग्रॅमच्या आसपास मिळायला हवे. आणि १०० ग्रॅम ज्वारीत असते किती? २५ ते ३० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा तिसाव्या-चाळिसाव्या हिश्शाएवढे. तांदळात त्याहूनही कमी. धान्यात सर्वांत श्रीमंत म्हटली जाणारी नाचणी, तिच्यातही १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. ही तूट कोंबडी कोठून भरून काढते? आपल्याच हाडांतून. काही दिवस ती हाडे झिजवून टरफल चढवते, मग टरफल पातळ पडू लागते, शेवटी नुसत्या कातडीचे मऊ अंडे पडते. ते पडतानाच फुटते. कॅल्शियमला आसुसलेली कोंबडी समोर टरफल पाहून ते खाणार नाही तर काय करील?

उपाय स्वस्त आहे. कोंबडी खाद्याच्या दुकानात शिंपल्याचा चुरा मिळतो, ‘शेल ग्रीट’ म्हणून मागावा. तो खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असते ती आपण होऊन खाते, कोंबडा त्याकडे फारसा वळत नाही. दर कोंबडीमागे रोज एक लहान चमचा पुरे. सहा कोंबड्यांना वर्षाला दहा-अकरा किलो लागेल. किलोला ३० रुपये धरले तरी खर्च सव्वातीनशे-साडेतीनशेच्या आत राहतो. वर मांडलेल्या ३,६५० रुपयांशी त्याची तुलना करावी. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांच्या आसपास राहणाऱ्यांना तेवढाही खर्च नको. तिसऱ्या, शिंपल्या खाऊन उरलेली कवचे धुऊन, वाळवून खलबत्त्यात जाडसर कुटली की झाले. अगदी पीठ करू नये. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्रभर पुरतो.

रात्रभर म्हणण्याला कारण आहे. एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले सुमारे २० तास टरफल चढण्यात जातात. त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो, जेव्हा कोंबडी दांडीवर झोपलेली असते. म्हणून चुऱ्याची वाटी दुपारनंतर, खुराडे बंद करण्यापूर्वी, अवश्य भरलेली असावी.

घरातल्या अंड्यांची टरफलेही चालतात. पण ती उकिरड्यावर अर्धी-अर्धी फेकू नयेत. कोंबडीने तशी कवची खाल्ली की अंडे म्हणजे खाण्याची वस्तू हे तिच्या डोक्यात पक्के बसते. टरफले तव्यावर कोरडी भाजावीत म्हणजे वास जातो, आणि ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करावीत. तंबाखूच्या डबीतला चुना मात्र पाण्यात किंवा खाण्यात कालवून देऊ नये. तो तोंड आणि घसा भाजतो. तसेच अंड्यावर न आलेल्या पिलांना जास्तीचे कॅल्शियम किंवा अंड्यावरच्या कोंबड्यांचे ‘लेअर’ खाद्य देऊ नये, त्याने पिलांचे मूत्रपिंड बिघडते. साधारण चार महिन्यांनंतर, तुरा लाल होऊ लागला की सुरुवात करावी.

खाणे पुरेसे असूनही सगळ्याच कोंबड्या एकाएकी मऊ किंवा वेडीवाकडी अंडी घालू लागल्या, अंडी निम्म्यावर आली, एखादी मान वाकडी करू लागली, तर प्रकरण वेगळे आहे. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तिथे घरगुती उपायात वेळ घालवू नये.

पाण्याचे भांडे आणि मे महिना

अंड्यात तीन चतुर्थांश पाणी असते. तहानलेल्या कोंबडीच्या दृष्टीने फुटलेले अंडे म्हणजे पाण्याचा पेला. मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखालचे भांडे दहा वाजताच चटका देऊ लागते, आणि गरम पाण्याला कोंबडी तोंड लावत नाही. मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवावे आणि दुपारी एकदा बदलावे. उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते त्याने तिच्या रक्तातला कर्बवायू कमी होतो आणि त्यामुळेही टरफल पातळ पडते. म्हणून अंडी खाण्याच्या तक्रारी या दिवसांत वाढल्या तर नवल नाही. छपरावर ओली गोणपाटे टाकावीत.

दुसरी भूक प्रथिनांची. नुसत्या कणीवर ठेवलेल्या कोंबडीला तिच्या गरजेच्या निम्म्यानेच प्रथिने मिळतात, आणि अंडे तर प्रथिनांचा गोळाच. धान्यात थोडी शेंगदाण्याची पेंड (बुरशी आलेली मुळीच नको), बाजारातला उरलेला भाजीपाला, शेवग्याचा पाला, बिनमिठाची सुकट किंवा बोंबलाची डोकी कुटून मिसळावी. खारवलेली मासळी घालू नये, जास्त मीठ कोंबडीला विषासारखे बाधते. रोज तास-दोन तास बाहेर उकरायला सोडले तर आणखी चांगले. दिवसभर जाळीत उभ्या असलेल्या कोंबडीला दुसरा उद्योग नसतो, मग ती कधी शेजारणीची पिसे उपटते, कधी अंड्याला टोचते.

अंडी घालायची जागा

आता जागेचे कारण. दहा कोंबड्या आणि अंडी घालायला एकच टोपली, असे दृश्य अनेक घरांत दिसते. सगळ्यांना त्याच वेळी त्याच टोपलीत बसायचे असते. एकीच्या अंड्यावर दुसरी उभी राहते, तिसरी चढू पाहते. त्यात गिरिराजा, वनराजासारख्या कोंबड्या अंगाने जड. टोपलीच्या तळाशी पेंढा नावालाच. अंडे फुटणार नाही तर काय!

चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी असावी. गावरान कोंबडीला तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा आडवा ठेवून चालतो, मात्र कापलेल्या कडा हातोडीने आत ठोकून घ्याव्यात. जड कोंबडीला फळांचे लाकडी खोके बरे, सर्व बाजूंनी निदान एक फुटाचे. पुढच्या बाजूला चार-पाच बोटे उंच पट्टी ठोकावी म्हणजे पेंढा बाहेर येत नाही. आत तीन बोटे जाड साळीचे तूस, लाकडाचा भुसा किंवा चुरलेला पेंढा असावा. पेटी जमिनीपासून फूट-दीड फूट वर, पण झोपायच्या दांडीपेक्षा खाली. वर ठेवली तर कोंबड्या रात्री तिथेच झोपतात आणि पेटी घाण करतात.

पेटी अंधारी हवी. हे फार महत्त्वाचे आहे. कोंबडी नजरेने खाते, तिला दिसले नाही तर ती टोचत नाही. पेटीच्या तोंडावर गोणपाटाचा तुकडा निम्म्यापर्यंत लोंबता सोडला की काम होते. तिला आडोसा मिळतो आणि खालच्या अंड्यावर उजेड पडत नाही.

आणखी एक गोष्ट. खुडूक कोंबडी अंड्यावर बसवली असेल तर तिला वेगळ्या जागी, डालग्याखाली ठेवावी. ती सामाईक पेटीत बसली की बाकीच्या तिच्या अंगावर चढून तिथेच अंडी घालतात, ढकलाढकलीत एक-दोन फुटतात, आणि फुटलेले अंडे सगळ्या मिळून साफ करतात. पुष्कळ घरांत सवयीची सुरुवात इथेच झालेली असते.

एखादे अंडे फुटलेच, तर नुसती टरफले उचलून भागत नाही. ओला झालेला सगळा पेंढा काढून टाकावा, पेटी पुसून वाळवावी आणि नवा पेंढा घालावा. फुटके अंडे “जाऊ दे, खाऊ दे बिचारीला” म्हणून तिथेच सोडणे ही दया महागात पडते.

घरी कोणी नसते तेव्हा

या विषयावर कोणतेही पुस्तक उघडा, पहिला सल्ला एकच, अंडी लवकर आणि वारंवार गोळा करा. सल्ला अगदी खरा आहे. बहुतेक कोंबड्या उजाडल्यापासून दुपारपर्यंत अंडी घालतात. आठ, दहा आणि बारा अशा तीन फेऱ्या मारल्या तर खायला अंडे उरतच नाही. पण हा सल्ला देणाऱ्याने आपली घरे पाहिलेली दिसत नाहीत. ज्या घरातली बाई आठ वाजता कामाला निघते ती संध्याकाळी सहाला परत येते. नवरा तिच्याआधी गेलेला. मुले शाळेत. म्हातारी सासू असली तर ठीक, तिच्याकडे हे काम जरूर द्यावे. सकाळची शाळा असलेले पोर साडेबाराला येत असेल तर दप्तर ठेवताच अंडी उचलायचे काम त्याचे. पण काहीच सोय नसली तर?

तर अंडे कोंबडीपासून आपोआप दूर जाईल अशी पेटी करावी. ही युक्ती मोठ्या पिंजऱ्यांच्या कुक्कुटपालनात सर्रास आहे, तिथे तारेचा तळ उतरता असतो आणि अंडे घरंगळत बाहेरच्या पन्हाळीत येते. घरी ती लाकडी खोक्यात करता येते. खोक्याच्या आत दुसरी फळी बसवावी, पुढून उंच आणि मागे उतरती. उतार फुटाला एक इंच, एवढाच. जास्त दिला तर कोंबडीला बसवत नाही आणि अंडी आपटून फुटतात. कमी दिला तर अंडे जागीच राहते. फळीवर जुन्या रबरी पायपुसण्याचा किंवा गालिच्याचा तुकडा घट्ट ताणून ठोकावा, पेंढा घालू नये. मागच्या भिंतीला तळाशी अडीच इंचांची आडवी फट ठेवावी आणि फटीपुढे बाहेरच्या बाजूला तूस भरलेली पन्हाळ किंवा अर्धा चिरलेला प्लॅस्टिकचा पाइप लावावा. पन्हाळीवर झाकण हवे, नाहीतर कावळ्यांची मेजवानी होते. कोंबडी उठली की अंडे फटीतून मागे जाते. ती वळून पाहते तेव्हा तिथे काहीच नसते!

पहिले काही दिवस कोंबड्या गादीशिवायच्या पेटीकडे पाठ फिरवतात. त्यांना तिथे वळवण्यासाठी एक खोटे अंडे खिळ्याने किंवा डिंकाने फळीवर बसवून टाकावे, आणि बाकीच्या पेट्या उचलाव्यात. घरात सुतारकाम येणारा माणूस असला तर सबंध काम एका रविवारचे आहे. आमच्या मते कामावर जाणाऱ्या बाईला या लेखातला सर्वांत उपयोगी उपाय हाच.

सवय लागलेलीच असेल तर

खोट्या अंड्याचा उपाय जुना आणि चांगला आहे. अंड्याच्या आकाराचा गुळगुळीत पांढरा दगड, संगमरवराचा तुकडा, सुताराकडून लाकडाचे घोटून घेतलेले अंडे, काहीही चालते. अशी दोन-तीन पेटीत ठेवावीत. कोंबडी येते, टोचते, चोचीला झिणझिण्या येतात आणि हाती काही लागत नाही. चार-आठ दिवस हाच अनुभव आला की पुष्कळ कोंबड्या नाद सोडतात. सवय नवी असेल तर गुण लवकर येतो, म्हणूनच पहिल्या आठवड्यातच जागे व्हावे.

याच्या जोडीला एक सल्ला सर्वत्र ऐकू येतो : अंड्याला भोक पाडून आतला बलक काढा, लाल तिखट भरा आणि ठेवून द्या, कोंबडी पुन्हा तोंड लावणार नाही. हा प्रयोग करून तिखट वाया घालवू नये. पक्ष्यांना मिरची झोंबत नाही. पोपट हिरवी मिरची कशी चवीने खातो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या जिभेवर मिरचीची आग ओळखणारे जे ग्राहक असतात, तेच कोंबडीत मिरचीला दाद देत नाहीत, हे डेव्हिड ज्यूलियस या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने २००२ साली कोंबडीवरच तपासून दाखवले. या ग्राहकांच्या शोधासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिकही विभागून मिळाले. तेव्हा तिखट भरलेले अंडे म्हणजे आपण कोंबडीला केलेले मसाला अंडे होय!

तापल्या सुरीने चोचीचे टोक कापण्याचेही काही जण सांगतात. घरी हे कधीही करू नये. चोचीत रक्त आणि मज्जातंतू असतात, कोंबडीला वेदना होतात, ती दाणा टिपेनाशी होते आणि अंडी द्यायची थांबते. मग अंडे वाचले कशासाठी?

पायाला चिंधी बांधलेली गुन्हेगार कोंबडी आठ-दहा दिवस वेगळी ठेवावी. शिक्षा म्हणून उपाशी मात्र ठेवू नये. उलट तिला भरपूर पाणी, शिंपल्याचा चुरा आणि चांगले खाणे द्यावे, सोबत दोन दगडी अंडी. तिने खरे अंडे घातले की लगेच उचलता येईल अशा वेळी, म्हणजे सुटीच्या दिवशी, तिच्यावर नजर ठेवावी. या काळात बाकीच्या कोंबड्यांत अंडी फुटणे थांबले का, हेही कळते. थांबले नाही तर दुसरी कोणी आहे, किंवा खुराड्यातले काहीतरी अजून सुधारायचे राहिले आहे.

इतके करूनही एखादी कोंबडी सुधारत नाही, हे खरे आहे. महिनोन्‌महिने सवय मुरलेली जुनी कोंबडी घातल्या अंड्यावर वळून चोच मारते आणि दगडाला फसत नाही. अशी कोंबडी कळपात ठेवणे परवडत नाही. उतरत्या फळीची पेटी तिच्यासाठी करता आली तर ठीक, नाहीतर तिला काढून टाकावी. पण हा निर्णय शेवटचा असावा, आणि तो घेताना दुसऱ्या घरी “चांगली अंड्यावरची कोंबडी आहे” म्हणून ती विकू नये. त्या घरच्या कोंबड्याही तिच्या शाळेत जातील.

ज्यांच्याकडे नव्या तलंगा येणार आहेत त्यांना हे सगळे टाळता येते. पंचवीस तलंगांना पाच-सहा पेट्या लागतात. सुधारित जातीच्या तलंगा साधारण पाच-साडेपाच महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. त्याआधी दोन आठवडे पेट्या मांडून, तूस घालून, प्रत्येकीत एक पांढरा दगड ठेवून द्यावा आणि गोणपाट लावावे. पहिली काही अंडी लहान, कधी कधी मऊ कवचाची निघतात, त्यांची काळजी करू नये, मात्र ती दिसताक्षणी उचलावीत. आणि एखादी तलंग कोपऱ्यात जमिनीवर बसून अंडे घालू पाहत असेल तर तिला हळूच उचलून पेटीत नेऊन ठेवावी. दोन-तीन वेळा नेले की पुढे ती आपली आपण जाते.